पुणे-सातारा रोजचं अप-डाऊन, पाच लाखाच्या आत सेकंड हँड डिझेल कोणती घ्यावी?

धायरी फाटा

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली. पुढच्या महिन्यापासून माझी बदली सातारा एमआयडीसीतल्या प्लँटला झालीये, निदान दोन वर्षं तरी तिकडेच आहे. बायकोची नोकरी पुण्यात, मुलगी नववीत म्हणजे पुढच्या वर्षी दहावी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नाही, रोज जाऊन येऊनच करावं लागणार. एका बाजूला घरापासून गेटपर्यंत १०५ किमी, म्हणजे रोजचे २१० आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर ४,६०० च्या वर जातंय. घरातली पेट्रोल गाडी बायकोला लागते, तिला हात लावायचा नाहीये.

मी जो हिशोब केला तो असा. डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज २० धरलं तर महिन्याला २३० लिटर, २०,७०० रुपये. पेट्रोल १०४ आणि अ‍ॅव्हरेज १६ धरलं तर २९,९०० च्या आसपास. म्हणजे महिन्याला नऊ हजाराचा फरक, वर्षाला लाखाच्या वर. त्यामुळे डिझेलच घ्यायची हे मनात पक्कं आहे, नवीन घ्यायची ऐपत आत्ता नाही. बजेट साडेचार, अगदी ओढून ताणून पाच, आणि त्यातच ट्रान्सफर आणि सुरुवातीचं काम बसायला हवं.

तीन गाड्या बघून ठेवल्यात:
डिझायर डिझेल २०१६, एमएच १२, सेकंड ओनर, मीटर ९२ हजार, ४ लाख ४० सांगतोय.
होंडा अमेझ डिझेल २०१८ शेवटची, नवीन शेप, एमएच १४, फर्स्ट ओनर, १ लाख १८ हजार चाललीये, सगळं सर्व्हिस रेकॉर्ड आहे म्हणतात, ४ लाख ७५.
पोलो १.५ टीडीआय २०१५, मीटर ७४ हजार, रेकॉर्ड काही नाही, ३ लाख ९०.

मन डिझायरकडे जातंय कारण मीटर कमी आणि पार्ट कुठेही मिळतात. ज्यांनी खरंच एवढं रनिंग केलंय त्यांनी सांगा प्लीज, पंधरा दिवसात ठरवायचंय.

खंबाटकी रोज

दादा, मी वारज्याहून साताऱ्याला पाच वर्षं रोज गेलोय, त्यामुळे अगदी मनापासून लिहितो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे मीटर बघून गाडी निवडू नका. तुम्ही वर्षाला ५५ हजार किमी चालवणार, दोन वर्षात १ लाख १० हजार. म्हणजे ९२ वाली घेतली काय आणि १ लाख १८ वाली घेतली काय, दोन्ही गाड्या तुमच्याकडेच दोन लाखाच्या पार जाणार आहेत. सुरुवातीचा २६ हजाराचा फरक म्हणजे तुमचं साडेपाच महिन्यांचं रनिंग. त्यापेक्षा ऑइल वेळेवर बदललंय का नाही हे शंभर पटीने महत्त्वाचं. डिझेल इंजिन हायवेला एका लयीत चाललं आणि दहा हजाराला ऑइल-फिल्टर झालं तर दोन-अडीच लाख किमी आरामात जातं, आणि शहरात शाळा-भाजी करत ६० हजार चाललेली, वर्षातून एकदा सुद्धा ऑइल न बदललेली गाडी तुम्हाला पहिल्या सहा महिन्यात खर्चाला लावते.

दुसरं, तुमच्या हिशोबात फक्त डिझेल आहे. महिन्याला ४,६०० म्हणजे दर दोन महिन्यांनी सर्व्हिस, वर्षात पाच-सहा वेळा. टायर ४०-४५ हजाराला जातात, म्हणजे तुमचे वर्षाच्या आत चारही. शिवाय ब्रेक पॅड, एखादं बेअरिंग, कधी क्लच. मी महिन्याला साडेतीन हजार वेगळ्या खात्यात टाकायचो, ते कधीच उरले नाहीत आणि कधी कमी पण पडले नाहीत. आणि दोन वर्षांनी विकताना फार काही हातात येईल असं धरू नका, दोन लाख वीस हजार चाललेल्या गाडीला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

इंजिन म्हणाल तर तुमच्या तिन्ही गाड्यांची चांगली आहेत. डिझायरचं १२४८ सीसी म्हणजे ते फियाटचंच मल्टिजेट, स्विफ्ट, रिट्झ, विस्टा, मांझा, झेस्ट सगळ्यात तेच होतं, त्यामुळे शिरवळच्या छोट्या गॅरेजवाल्याला पण ते तोंडपाठ असतं. टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. फक्त २००० आरपीएमच्या खाली जीव नसतो, खंबाटकी घाट चढताना ट्रकच्या मागे अडकलात की सेकंडला यावंच लागतं. अमेझचं १.५ आय-डीटेक १०० पीएसचं, त्याला पण चेन, घाटात थर्डवर मजेत ओढतं, कागदावर अ‍ॅव्हरेज २७.४ आहे, प्रत्यक्षात ८०-९० च्या स्पीडला २२-२३ धरा. आवाज मात्र जास्त आहे, केबिनमध्ये घरघर येते, रोज साडेचार तास ऐकायचीये तर टेस्ट ड्राइव्हला टेप बंद करून बघा. पोलो चालवायला तिघांत सगळ्यात छान, रस्ता धरून चालते, पण तिला टायमिंग बेल्ट आहे आणि रेकॉर्ड नाही म्हणताय. बेल्ट कधी बदललाय माहीत नसेल तर घेतल्या दिवशी बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप सगळं बदलायचं, कारण तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं हेड खोलावं लागतं.

मी असतो तर अमेझ बघायला आधी गेलो असतो. ४ लाख ६० ला बसवा आणि ४० हजार बाजूला ठेवा. ते ४० हजार पाहिजेतच, सगळं बजेट गाडीत घालू नका. माझी पहिली सेकंड हँड डिझेल मी खिसा पूर्ण रिकामा करून घेतली होती आणि तिसऱ्या आठवड्यात सुरूर फाट्याजवळ टर्बोचा होज फाटला. पार्ट मोठा नव्हता, पण टोइंग आणि दोन दिवसांची रजा, आणि तेव्हा मेहुण्याकडे पैसे मागावे लागले. ते अजून आठवतं.

चिंचवड_सीएनजी

एवढा विचार कशाला, सरळ वॅगन-आर किंवा डिझायर सीएनजी घ्या. किलोला २५ देते, महिन्याला डिझेलपेक्षा चार हजार वाचतात. डिझेलचे इंजेक्टर-टर्बोचे खर्च पण नाहीत. आणि २०२० नंतर मारुतीने डिझेल बंदच केलंय, त्याला काहीतरी कारण असेल ना.

धायरी फाटा

@चिंचवड_सीएनजी दादा मी आधी तोच विचार केला होता. पण ६० लिटरच्या टाकीत गॅस बसतो आठ-साडेआठ किलो, म्हणजे २०० ते २१० किमी. माझं रोजचं जाणं-येणंच तेवढं आहे. म्हणजे रोज एकदा रांगेत उभं राहायचं, सकाळी साडेपाचला निघणाऱ्या माणसाने रात्री आठला घरी येताना परत वीस मिनिटं, कधी पाऊण तास पंपावर काढायचा. आठवड्यातून दोनदा असतं तर नक्की घेतली असती. आणि आईला व्हीलचेअरसकट न्यावं लागतं अधूनमधून, डिकी लागते.

खंबाटकी रोज

सीएनजीचं तुमचं बरोबर आहे, ज्याचं रोजचं ६०-७० किमी आहे त्याला आज सीएनजीच परवडते, डिझेलच्या नादी लागू नये. २१० ला गणित बदलतं. मारुतीने डिझेल बंद केलं ते बीएस-६ (२०२० पासूनचे प्रदूषणाचे कडक नियम) मध्ये छोटं डिझेल इंजिन आणायचा खर्च खूप होता म्हणून, इंजिन वाईट होतं म्हणून नाही.

नऱ्हे गॅरेज

माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, डिझेलचंच काम जास्त. गाडी कुठली घ्यायची ते वरच्या दादांनी सांगितलंच, मी बघायची कशी ते सांगतो, कारण लोक संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जातात, गाडी आधीच गरम करून ठेवलेली असते आणि गरम डिझेल सगळं लपवतं.

सकाळी सातच्या आत जा आणि आदल्या दिवशी मालकाला सांगा गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर तिथूनच परत फिरा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या अर्ध्या-एक स्टार्टरमध्ये चालू व्हायला पाहिजे. जास्त वेळ स्टार्टर खाल्ला, चालू होऊन हलायला लागली, पांढरा धूर डोळ्याला झोंबणारा आला तर ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना आतून तापवणारे), इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यातलं काहीतरी आहे. पहिल्यांदा थोडा धूर आणि टकटक आवाज असतोच, त्याला घाबरू नका, मिनिटभरात बसला पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळ्या धुराचा लोटच आला तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोच्या होजला लीक.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल टाकायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडी वाफ येते ती चालते. झाकण उडायला लागलं, फुकफुक करून ऑइलचे शिंतोडे आले तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा-पिस्टन गेलेत, ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका, पण डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पण वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. कूलंटची टाकी गाडी थंड असताना उघडा, वर तेलकट साय दिसली तर हेड गॅस्केट गेलेलं.

मग चालवा. बावधन-वारजे असं गल्लीत नका फिरवू, नवले पुलावरून कात्रजच्या नवीन बोगद्याकडे चढ आहे तिकडे न्या. चौथ्या गिअरला ५० वर असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे आरपीएम वर गेले आणि गाडी त्या मानाने पळत नसेल तर क्लच घसरतोय. टर्बो उचलताना बारीक शिट्टी चालेल, सायरनसारखा आवाज नाही चालणार. न्यूट्रलला क्लच दाबताना-सोडताना खडखड बदलत असेल तर फ्लायव्हील बघावं लागेल, आणि ज्या गाड्यांना ड्युअल मास म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील असतं त्यांचं क्लचसकट बिल मोठं होतं, ते आधी विचारून घ्या.

शेवटी स्कॅनर लावा. कोड डिलिट करून आणलेत का ते पण कळतं, आणि चारही इंजेक्टरचं करेक्शन (कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) दिसतं, एकाचाच आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा असेल तर तो इंजेक्टर जायला आलाय. माझ्यासारख्या माणसाला सोबत नेलंत तर हजार-दीड हजार जातील, जाऊ द्या.

बजेट वाढून बीएस-६ गाडी मिळाली तर डीपीएफला (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) घाबरू नका. डीपीएफ चोक होतो तो शहरात चार-चार किमी फिरणाऱ्यांचा, तुमच्यासारखं रोज तासभर एका स्पीडला चाललं की तो आपोआप जळून साफ होतो. ऑइल फक्त कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाकायचं, साधं स्वस्त ऑइल टाकलं की त्याची राख डीपीएफमध्ये बसते आणि ती काही जळत नाही.

सातारची लेक

धायरी फाटा दादा, तुम्ही तिन्ही गाड्यांचं अ‍ॅव्हरेज, मीटर, किंमत सगळं लिहिलंत, पण एअरबॅग किती आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होत नाहीत ते) आहे का हे एका पण गाडीचं लिहिलं नाहीत, म्हणून लिहावंसं वाटलं. माझे वडील याच रस्त्याने अकरा वर्षं येऊन-जाऊन करत होते, आम्ही घरी रोज नऊ वाजता फोनची वाट बघायचो. तुम्ही रोज बोगद्यातून नवले पुलाच्या उतारावर येणार, तिथे न्यूट्रलला टाकलेले आणि ब्रेक तापलेले कंटेनर मागून येतात हे तुम्हाला धायरीला राहून मी सांगायला नको.

२०१६ च्या डिझायरमध्ये खालच्या व्हेरियंटला एअरबॅग स्टँडर्ड नव्हत्या, नुसतं व्हीडीआय आहे का ऑप्शनल आहे ते बघा. एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं २०१९ मध्ये, त्यामुळे त्या आधीच्या गाडीत धरून चालू नका. पोलोला २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश चाचणीत दोन एअरबॅगसह ४ स्टार होते. नवीन शेपच्या अमेझला दोन एअरबॅग आणि एबीएस खालच्या मॉडेलपासून आहेत, २०१९ च्या चाचणीत मोठ्यांसाठी ४ स्टार मिळाले, पण मुलांसाठी १ च, आणि २०२४ मध्ये कडक नियमांवर परत चाचणी झाली तेव्हा २ वर आली, हे पण सांगते म्हणजे एकच बाजू नको. याच बजेटमध्ये झेस्ट पण येते, तिला एअरबॅगसह ४ स्टार आहेत आणि इंजिन तेच मल्टिजेट, ९० पीएसवालं. एक लिटरमागे दोन किमी कमी मिळाले तर महिन्याला दोन हजार जातील. जाऊ देत.

आणि घेतल्यावर पहिल्या आठवड्यात हेडलाइट बघा. जुन्या गाड्यांच्या काचा पिवळ्या पडलेल्या असतात, हिवाळ्यात पहाटे वेळे-सुरूरच्या पट्ट्यात धुकं असतं आणि पावसात खंबाटकीत समोरचं काही दिसत नाही. पॉलिश करून घ्या नाहीतर बदला, वायपर सकट. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही दिसू दे, बदला.

कोथरूड ७७

टोलचं कोणी लिहिलं नाही. खेड शिवापूर आणि आनेवाडी, जाताना दोन येताना दोन, रोजचे चार. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून आलाय, आला तेव्हा ३,००० रुपयात होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि एक टोलनाका ओलांडला की एक फेरी. तुमचा पास ५० दिवसात संपेल, मग परत घ्यायचा, तरी दिवसाला साठेक रुपयेच पडतात. खाजगी गाडीलाच मिळतो, त्यामुळे आरसीवर गाडी खाजगी आहे ना हे बघून घ्या, टुरिस्ट परमिटवर चाललेल्या आणि नंतर पांढरी पाटी लावलेल्या पण खूप गाड्या बाजारात आहेत.

कागदांचं थोडक्यात: गाडी नावावर करायला फॉर्म २९-३०, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चलन बाकी आहे का ते आधी ऑनलाइन बघा. इन्शुरन्स १४ दिवसात नावावर करायला टाका, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. दिल्ली पासिंगच्या दहा वर्षांच्या डिझेल स्वस्तात दिसतील, तिकडे जुन्या डिझेलवर बंदीचे नियम आले म्हणून इकडे येतात, पण इथे टॅक्स भरून परत नोंदणी करायची आणि त्या गाडीचा आधीचा काळ कोणालाच माहीत नसतो.

धायरी फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितोय कारण या आठ दिवसात सकाळी उठून गाड्याच बघत होतो.

डिझायर गेली. नंबर घेऊन मी सर्व्हिस सेंटरला जाऊन विनंती केली, त्यांनी जुनी एंट्री बघून सांगितलं, २०२१ मध्येच १ लाख ३१ हजारवर सर्व्हिस झालीये आणि आज मीटर दाखवतंय ९२. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला मीटर खराब झालं होतं म्हणून बदललं, आणि विषय बदलला. मी ह्याच गाडीवर मन बसवून होतो, मीटर कमी म्हणून. एअरबॅग पण नव्हत्या.

पोलो चालवली, खरंच सुंदर चालते, पण बेल्टचं काही सांगता येईना आणि क्लच पण वरती आलाय, म्हणजे झिजत आलाय.

अमेझ काल सकाळी पावणेसातला बघितली. मालक आकुर्डीचे, रिटायर झालेत, कोल्हापूरला मुलीकडे जाऊन-येऊन एवढं रनिंग झालंय. अकरा सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली, टायरची सुद्धा. बॉनेट गार होतं, एका स्टार्टरला चालू झाली, झाकणावर थोडी वाफ, बाकी काही नाही. नऱ्हेच्या दादांना विचारायचं होतं, स्कॅनरला तीन इंजेक्टर जवळजवळ सारखे आले आणि तिसऱ्या नंबरचा थोडा वेगळा दाखवतोय, फार नाही. आणि क्लच जरा जड वाटला. ते ४ लाख ६० ला तयार आहेत, बयाणा द्यावा का आज?

नऱ्हे गॅरेज

थोडा फरक असेल तर चालतो, गरम झाल्यावर आयडलला परत आकडे बघा, दोन्ही वेळा तोच इंजेक्टर आणि तेवढाच फरक असेल तर आधी डिझेल फिल्टर बदलून बघू, जुना फिल्टर पण असं करतो. एक इंजेक्टर काढून तपासावा लागला तरी तुमच्या ४० हजारात बसेल. क्लच १ लाख १८ ला मूळचा असेल तर जड होणारच, बिलात क्लचचं नाव आहे का बघा, नसेल तर वर्षभरात बदलायचा धरून त्यांच्याशी पाच-सात हजार बोला. मागायला लाजू नका, फाइल ठेवणारा माणूस आहे, समजून घेईल. बयाणा द्या पण पाच हजारच, आणि कागदावर लिहून घ्या की आरसीवर बोजा असेल तर तो निघाल्यावर बाकीचे. रविवारी सकाळी गाडी इकडे आणता आली तर लिफ्टवर घेऊन खालून बघतो, ऑइल, डिझेल फिल्टर आणि कूलंट त्याच दिवशी करून टाकू म्हणजे सोमवारी तुम्हाला निघता येईल.

धायरी फाटा

फाइलमध्ये क्लचचं बिल नाहीये. त्यांना फोन केला, ४ लाख ५४ म्हणाले. रविवारी आठला आणतो.